विचारून थांबणं

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला आणि हळूच म्हणाले, "साहेब, आता फार तर दोन महिने."

बाबा हसले. "अहो, मग मला विचारा की!"

डॉक्टर गोंधळले. मी त्यांना सांगितलं, बाबा सेशन्स जज्ज होते. आरोपी दोषी ठरला की शिक्षा सुनावण्याआधी त्याला विचारावं लागतं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का. विचारणं कायद्याचं होतं. पेन खाली ठेवून उत्तराची वाट पाहत थांबणं मात्र बाबांचं स्वतःचं.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "सांगा, साहेब."

बाबा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्यासमोर उभे राहिलेले कितीतरी आरोपी म्हणत, तसंच म्हणाले, "मुलगी लहान आहे हो माझी."

मी तेव्हा एकावन्न वर्षांची होते.