डॉक्टरेटच्या दारातलं ‘व्हय की’

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटला प्रवेश मिळवायचा म्हणून मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कान तपासून घेतले.

यात माझा दोष अर्धाच. उरलेला अर्धा माहितीपत्रकाचं मराठी करणाऱ्याचा. पदव्युत्तर पदवी हवी, तीत अमुक टक्के हवेत, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण हवी, संशोधनाचा आराखडा हवा, तज्ज्ञाच्या हाताखाली काम केल्याचं पत्र हवं, इथवर सगळं सरळ होतं. शेवटी मात्र लिहिलं होतं, ‘उमेदवाराची श्रवणक्षमता मुलाखतीच्या वेळी तपासण्यात येईल.’ मी म्हटलं, आयत्या वेळी भानगड नको. राजारामपुरीत कान-नाक-घसावाल्यांची काय वाण आहे? एका डॉक्टरांनी मला छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी इतक्या ईर्ष्येनं दाबत होतो की आवाज यायच्या आधीही दोन-चारदा दाबलं. ‘दोन्ही कान उत्तम’ असा दाखला घेऊन मी थेट मॅडमकडे गेलो.

मॅडम म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी अनुभव गोळा करत होतो त्या. त्यांचं क्लिनिक राजारामपुरीतच. आठवडाभर मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कामगारांच्या रजा मंजूर करायचो. (पंचतारांकित या शब्दामुळे लग्नाआधी सासऱ्यांचा असा समज झाला होता की जावई मोठ्या हॉटेलात आहे. तो मी लगेच दूर केला नाही.) शनिवार-रविवार मॅडमकडे येणाऱ्या पेशंटांची प्राथमिक माहिती लिहून घ्यायचो. प्रवेश परीक्षेत मी लागोपाठ दोन वर्षं आपटलो होतो. यंदा कसाबसा निघालो होतो, तोही पास झालेल्यांत शेवटचा. बायकोनं बजावलं होतं, ‘यंदा झालं तर नोकरी सोडा, मी बघतो घराचं. न्हाय झालं तर ह्यो इषय बंद. रजा मंजूर करत म्हातारं व्हायचं.’ आमच्याकडे बायकाही ‘मी बघतो’ म्हणतात आणि बघतातही.

मॅडमनी दाखला वाचला. मग चष्मा काढून डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं.

“अहो, श्रवणक्षमता म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घेण्याची क्षमता. समोर माणूस बसवतील. दहा मिनिटं तो बोलेल, तुम्ही ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. आणि तिथंच तुमचं अवघड—”

“का?”

“बघा. माझं वाक्य तरी संपू द्यायचं.”

मॅडमचं खरं होतं. मागच्याच रविवारी एक गृहस्थ ‘रात्री झोप...’ एवढंच म्हणाले होते, तर मी त्यांना मच्छरदाणी, जायफळ घातलेलं दूध आणि पलंगाची दिशा, तिन्ही सांगून मोकळा झालो होतो. त्यांना म्हणायचं होतं, ‘रात्री झोप चांगली लागते, पण दिवसा जीव घाबरा होतो.’

मॅडमनी मला पंधरा दिवसांचा रियाज लावून दिला. कुणीही काहीही सांगू दे, सल्ला नाही, मत नाही, ‘माझ्या मावशीचंही असंच झालं होतं’ नाही. फक्त ‘हं’.

घरी गेलो. बायको तिच्या भावानं नवीन फ्लॅटच्या वास्तुशांतीला आपल्याला दोन दिवस आधी सांगितलं, हे सांगत होती.

“हं,” मी म्हणालो.

“दोन दिवस आधी! आनि तुमच्या साडूस्नी म्हैन्याभरापूर्वी.”

“हं.”

“काय हं हं लावलंय म्हशीवाणी? राग आलाय का?”

“हं... म्हणजे नाही.”

“माझ्या माहेरचं काय निघालं की तुमचं तोंड असंच हुतंय.” आणि पुढचा अर्धा तास मी जे ऐकलं ते वास्तुशांतीबद्दल नव्हतं.

माझ्या ध्यानात आलं, की ‘हं’ हे कोल्हापूरबाहेरचं औषध आहे. आमच्याकडे ‘हं’ म्हणणारा माणूस एक तर रुसलेला असतो, नाही तर पैसे मागितले जातील या भीतीत असतो. आमच्याकडे ऐकणारा म्हणतो ‘व्हय’. याचा अर्थ हो असा नाही. याचा अर्थ, मी जागा आहे, तुझं चालू दे. निदान माझी तशी समजूत होती.

‘व्हय’नं मात्र जादू केली. दूधवाला जिन्यात थांबून बोलायला लागला. कारखान्यातला क्रेनवाला रजेचं कारण खरं सांगायला लागला. मी हवेत होतो. आणि मग आमच्या इमारतीखाली ज्यांचा गादी कारखाना आहे, ते चाचा एका संध्याकाळी कापसाच्या ढिगावर बसून मला म्हणाले, “डाक्टर, जीव लागंना झालाय बघा.” मी डॉक्टर नाही हे चाचांना माहीत होतं. पण होणार म्हणतोय तर आत्तापासून म्हणायला काय जातंय, असं त्यांचं म्हणणं.

“व्हय,” मी म्हणालो.

चाचांचा थोरला भाऊ चंदगडला. दोघांच्या जमिनीच्या बांधावर काजूचं एक झाड, आणि त्या झाडावरून बोलणं बंद. किती वर्षं झाली हे चाचा सांगत होते, मी व्हय व्हय करत होतो. मॅडमनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

“मधी कुणीतरी शाना मानूस पायजे.”

“व्हय.”

“मन वळखनारा.”

“व्हय.”

“मग ह्या रविवारी सकाळच्या यष्टीनं.”

“व्हय,” मी म्हणालो.

शनिवारी रात्री चाचांनी दोन तिकिटांच्या सुट्ट्या पैशांसकट निरोप पाठवला, तेव्हा कुठं मला कळलं की मी काय मान्य केलंय. मुलाखत सोमवारी होती.

चंदगडला आम्ही उतरलो तेव्हा पाऊस आडवा लागत होता. थोरल्या चाचांच्या ओसरीवर मी मधोमध, दोन्ही बाजूंना दोघे भाऊ, एकमेकांकडे पाठ करून. चहा आला. धाकटे म्हणाले, झाड बापानं माझ्या हातानं लावून घेतलंय. मी म्हणालो, व्हय. थोरले म्हणाले, लावलं असंल, पानी कुनी घातलं? मी म्हणालो, व्हय. धाकटे म्हणाले, म्हंजे झाड माझं. व्हय. थोरले म्हणाले, जे जगवतंय त्याचं झाड. व्हय.

थोरले एकदम माझ्याकडे वळले. “पावणं, तुमी नेमकं कुनाकडनं?”

“मी ऐकतोय फक्त.”

“आयकताय काय? दोगांस्नीबी व्हय म्हनायलाय की!” मग माझ्या डोक्यावरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी भावाला विचारलं, “क्या रे, ये कायका डाक्टर लाया तू?”

“मेरेकू क्या मालूम!” चाचा म्हणाले. “घरकने बराबर था!” म्हणजे घरापाशी होतो तोवर मी ठीक होतो.

त्यानंतरचा तासभर दोघे भाऊ एकमेकांशीच बोलत होते. विषय मी होतो. माझ्या शिक्षणावर बापानं किती खर्च केला असेल, याबद्दल त्यांचं तात्काळ एकमत झालं. झाडाचं काय ठरलं ते मला आजही माहीत नाही. पण चाचा रात्री तिथंच राहिले आणि मी एकटा ओल्या बुटांनी परत आलो. येताना एसटीत मी शपथ घेतली, की उद्या हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हं नाही, व्हय नाही. दगड.

मुलाखतीला समोर तिघं. विभागप्रमुख बाई, पुण्याचे एक परीक्षक, आणि आमच्याच भागातले एक सर, ज्यांच्या मानेवरून आणि कानांवरून ते कधीकाळी तालमीत जात असावेत असं वाटत होतं. संशोधनाच्या आराखड्यावर त्यांनी मला फार छळलं नाही, कारण त्यात मी नेमकं काय करणार हे मलाच लिहिता आलं नव्हतं. मग श्रवण. उमेदवारांच्या जोड्या लावल्या होत्या. आधी एकानं आपली खरीखुरी पण लहानशी अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची, मग उलट. माझ्या वाट्याला आली लेखीत पहिली आलेली मुलगी. पहिल्यासमोर शेवटचा, असा त्यांचा न्याय होता.

मुलगी खुर्चीत बसली, फाइल मांडीवर घेतली आणि म्हणाली, “सर, मी हितं आलो न्हाई. मला आनलंय.”

पुण्याच्या परीक्षकांनी ‘आलो’ ऐकून कागदावरचं नाव एकदा तपासलं. बाईंनी हातानंच ‘असू दे’ अशी खूण केली.

“मामाला घरात एक डॉक्टर पायजे. सोता झाला न्हाई, त्याचा पोरगाबी झाला न्हाई, ऱ्हायलो मी. माझी आई मिरची-कांडप चालवती. उन्हाळ्यात चटणी करायला बायका रांग लावत्यात. कुनाला किती तिखट झेपतंय ह्ये मला तोंडाकडं बघून कळतंय. मशीनवर बसलो की बरं वाटतंय. तिथं मिरचीच्या धुरळ्यात मला शिंक येत न्हाई. आनि पुस्तक उघडलं की सारख्या शिंका!”

मी दगड. जीभ टाळूला चिकटवून बसलो होतो. नऊ मिनिटं मी असं ऐकलं, असं ऐकलं, की बाईंनी पुण्याच्या सरांकडे बघून मान हलवलेली मला कडेनं दिसली. मुलगी बोलता बोलता थांबली, फाइलवर बोटं वाजवली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “लई आवडतंय वो मला तिथं. तुमीच सांगा, जाऊ का मग मी घरी?”

“व्हय की!”

तालमीत कुणी चितपट झाला की बघणारे ओरडतात ना, त्या आवाजात.

मुलगी उठली. मला म्हणाली, “थँक्यू सर.” समितीला म्हणाली, “येतो मॅडम.” आणि फाइल काखेत मारून गेली.

तिघं दाराकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. शेवटी बाईंनी शिपायाला विचारलं, “अहो, त्या परत येतायत का बघा.”

शिपाई खिडकीतून म्हणाला, “न्हाई मॅडम, गाडीला किक मारली.”

“लेखीत पहिली होती ती,” पुण्याचे परीक्षक माझ्याकडे बघत म्हणाले. “आणि आपला क्रमांक?”

“शेवटचा.”

“म्हणजे दहा मिनिटांत आपण स्पर्धेतला पहिला उमेदवार घरी पाठवलात.”

“पाठवला न्हाई सर,” तालमीतले सर म्हणाले, “उचलून आपटला. काय डाव हाय!”

 यंदा नाही तर विषय बंद, हे बायकोचं वाक्य डोक्यात घणघणत होतं. मी बोलायला लागलो तो थांबेनाच. वास्तुशांती सांगितली, म्हशीवाणी सांगितलं, काजूचं झाड सांगितलं, दोन भाऊ माझ्या डोक्यावरून कसे बोलले ते दोघांचे आवाज काढून सांगितलं. तालमीतले सर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. पुण्याच्या परीक्षकांनी विचारलं, ‘व्हय’ आणि ‘व्हय की’ यात फरक काय. मी सांगितलं, ‘व्हय’ म्हणजे ऐकतोय, ‘व्हय की’ म्हणजे त्यात विचारायचं काय, आणि वर पाचसहा प्रकारचे व्हय करून दाखवले. प्रश्नाचा व्हय, संशयाचा व्हय, जेवण झाल्यावरचा व्हय. त्यांनी ते लिहून घेतले आणि एक परत म्हणायला लावला.

बाई मात्र हसत नव्हत्या. “उद्या त्या मुलीला पस्तावा झाला तर?” त्यांनी विचारलं. “तोंडातून निसटलं, म्हणून सांगणार तिला?”

मी तेच सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ते खोटं झालं असतं. “नाही मॅडम,” मी म्हणालो. “ती मिरचीबद्दल बोलत होती ना, तेव्हाच मला वाटलं होतं, हिनं जावं. मी ऐकणं तिथंच सोडलं. पुढं मी नुसता ती विचारायची वाट बघत बसलो होतो.”

बाईंनी काहीतरी लिहिलं. “या आता,” म्हणाल्या. “आणि बाहेरच्या उमेदवारांशी कृपा करून बोलू नका.”

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकलं, मध्ये एकदाही न बोलता. खरं तर डॉक्टरेटला तीच जायला हवी. मग म्हणाली, “चला, रजा मंजूर करा,” आणि आत गेली. आत जाऊन हसत होती का रडत होती ते मी बघायला गेलो नाही.

निकाल लागला तेव्हा मी प्रतीक्षायादीत पहिला होतो. आता पहिल्या नंबराचं मला काय कौतुक! पुढे चारेक दिवसांनी, आम्ही जेवायला बसलेलो असताना विभागाच्या कार्यालयातून फोन आला. हात आमटीत होते म्हणून मी स्पीकरवर टाकला. क्लार्क म्हणाले, समितीनं त्या मुलीला पुन्हा बोलावून विचारलं होतं. तिनं लेखी कळवलंय की जागा नको, कांडप बरं आहे, आणि मामाची समजूत आई काढेल. तर जागा मोकळी झालीय.

मी कोपरानं फोन जवळ सरकवला.

“पन एक अट हाय,” क्लार्क म्हणाले. “मॅडमनी लिवून दिलीया. पैलं सत्र तुमी पेशंटासमोर नुसतं बसायचं. एक शब्द काढायचा न्हाई. मान्य हाय का? घेताय का जागा?”

आता यावर काय म्हणायचं? त्या शब्दानं मी चंदगडात भिजलो होतो, मुलाखतीत बुडालो होतो. तो तोंडाशी आला आणि मला धडकीच भरली. ही परीक्षाच असेल तर? मी गप्प बसलो.

“हॅलो? आयकताय का? घेताय न्हवं? न्हाईतर मला फुडच्याला फोन लावाय लागंल.”

मी ताटाकडे बघत राहिलो. बायकोनं खरकट्या हातानं फोन ओढून घेतला.

“घेतलीया जागा! लिवा तुमी! अट मान्य हाय. एक सत्र कमी वाटतंय, दोन करा.”

“बाई, उमेदवार तुमी का त्ये?” क्लार्कनं विचारलं.

“उमेदवार त्येच,” ती म्हणाली. “बोलायचं काम माझ्याकडं हाय.”