सिरियस आहे, एवढंच सांगायचं

ज्या कामाला कुणी नेमलेलं नसतं, त्या कामात किस्से फार साठतात. मस्कतमध्ये वारलेल्या भारतीय कामगारांची प्रेतं घरी पाठवायचं आमचं काम असंच. कचेरी म्हणजे हमीदचाचांची गाडी. स्टाफ दोन: चाचा आणि मी. मी वादी कबीरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळा सुटली की त्या गाडीत बसते.

चाचा मूळचे दापोलीकडचे, मस्कतच्याच रुवी भागात त्यांचं शिलाईचं दुकान. या कचेरीचा इतिहास विचारला तर ते एकच गोष्ट सांगतात. वीसेक वर्षांपूर्वी त्यांचा रूममेट वारला. कागद करण्यात चार दिवस गेले. शवागारातल्या कारकुनाने त्यांच्या दुकानाचा नंबर लिहून ठेवला. महिन्याभराने फोन आला: "हमीद, आणखी एक इंडियन आलाय. फॉर्म तुला माहीत आहेत."

झाली नेमणूक!

*

चाचांचा पहिला नियम: घरी पहिल्या फोनात "सिरियस आहे" एवढंच सांगायचं. गेल्याची बातमी दुसऱ्या फोनात. संगमेश्वरजवळचा प्रकाश, वय तीस, रुसैलच्या एका कारखान्याच्या पत्र्यावर भर दुपारी काम करताना कोसळला आणि संपला. चाचांनी त्याच्या बायकोला, सुलभाला, तेच सांगितलं.

मी गाडीतच भांडले. तिला खरं कळायचा हक्क आहे, म्हटलं. आणि व्हॉट्सअॅपच्या जमान्यात हे नाटक कशाला?

"बेटा, माणूस मरण एका घासात गिळत नाही," चाचा म्हणाले. "दोन घास करून द्यायचं."

मी ठरवून टाकलं. दुसरा फोन मी करणार, आणि कसा गेला, कुठे गेला, सगळं खरं सांगणार.

*

कंपनीच्या ऑफिसात वेगळीच अडचण. तिथला क्लार्क म्हणाला, सुट्टीचा अर्ज भरल्याशिवाय सिस्टीम तिकीट काढत नाही. मेलेल्या माणसाची सुट्टी! शेवटी त्यानेच अर्ज भरला. कारण: तातडीचं. पण परत येण्याची तारीख रिकामी सोडली की कॉलम लाल व्हायचा. त्याने थोडा विचार केला आणि दोन महिन्यांनंतरची तारीख टाकली.

"सगळे एवढीच घेतात," म्हणाला.

*

कंपनीचं म्हणणं, प्रकाश खोलीत झोपेत गेला. म्हणून आम्ही कामगारांच्या कॅम्पवर गेलो. खोलीत त्याचे सहा सोबती. त्यातल्या दोघांनीच त्याला पत्र्यावरून खाली उतरवलं होतं, हे चाचांना फोनवर कळलं होतं. आता मात्र कुणी लिहून द्यायला तयार नाही. मी कायदा सांगितला, हक्क सांगितले, थोडी लाजही काढली.

राजापूरचा एकजण तेवढा बोलला. "ताई, तुम्ही आता घरी जाल. आम्हाला उद्या त्याच पत्र्यावर चढायचंय."

*

मृत्यूच्या दाखल्यावर आलं: हृदय बंद पडून मृत्यू. मी दाखला देणाऱ्या कारकुनाला विचारलं, हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, त्याआधी काय झालं? त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

"सिस्टर, त्याआधीचं सांगायला कुणी आलंच नाही."

त्या आठवड्यात मला वर्गात कारण आणि परिणाम शिकवायचे होते. तो धडा मी पुढे ढकलला.

*

तिसऱ्या दिवशी दुसरा फोन मी लावला. चाचा शेजारी बसून होते. वाक्यं मी पाठ केली होती. सुलभाने पहिलंच वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"ताई, परवा फोन आला तेव्हाच मी समजले. माझे वडील कुवेतमध्ये वारले, तेव्हाही आधी सिरियसच होते. पण सासूबाई आशेवर आहेत. पेज तरी पितायत. मी त्यांना फोन देते. आजचा दिवस सिरियस आहे, एवढंच सांगा. हात जोडते."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग दार लोटल्याचा आवाज आला. म्हातारी अगदी हळू बोलली.

"बाय, माझा मुलगा गेला, मला ठाव हाय. पन सुनेला एवढ्यात काय सांगू नको गो. ती आशेवर हाय."