उजवीकडचा बाण

माझा मामा पाट्या रंगवतो. दवाखान्यांच्या, शाळांच्या, 'फुले तोडू नयेत'च्या. अक्षर असं देखणं, की पाटी वाचून झाल्यावरही लोक घटकाभर बघत राहतात. गेल्या महिन्यात शिडीवर त्याला घेरी आली, म्हणून मामी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मामानं सगळं धडाधड सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "उजवा हात वर करा." मामानं डावा केला. पुन्हा सांगितलं, पुन्हा डावाच.

मामीच्या थोरल्या बहिणीची सुरुवात अशीच झाली होती. शेवटी तिला स्वतःचा मुलगाही ओळखू येईना. मामीनं त्याच संध्याकाळी दुकानाची किल्ली काढून घेतली. मामा भांडलाही नाही, ते मला जास्त लागलं. एवढंच म्हणाला, "बावीस वर्षांपूर्वी त्या लपलेल्या धबधब्याची पाटी मी रंगवली. धबधबा काही बघितला नाही. तेवढा दाखवा, मग बसवा घरी."

म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघं जंगलात. "कुठे कुठे गोंधळतो ते नीट बघ," असं मामीनं मला बजावलं होतं. मी काय कपाळ बघणार? वाटभर तोच मला झाडांची नावं विचारत होता, आणि मला एकही येत नव्हतं.

अर्ध्या तासाची चढण संपली आणि वाटेला दोन फाटे फुटले. मधोमध त्याची पाटी. रंग उडालेला, पण 'धबधबा' अजून ऐटीत. बाण डावीकडे.

"बघ, अगदी बरोबर," मामा खुशीत म्हणाला. "वनरक्षकानं चिठ्ठीत लिहून दिलं होतं, बाण उजवीकडे. चल."

आणि डावीकडे चालू लागला.

चिठ्ठी म्हणे उजवीकडची, बाण डावीकडे, आणि हा म्हणतो बरोबर! त्याला चिठ्ठी खरंच आठवत होती, की मनाचंच बोलत होता? मला काही कळेना. मी निमूट मागे गेले.

वीस मिनिटांनी वाट काटेरी झुडपांत संपली. तिथे बिस्किटांचे रिकामे पुडे, बाटल्या, लहान मुलाची एक चप्पल. आमच्यासारखे बरेच जण येऊन गेले होते तर. पाण्याचा आवाज मात्र पाठीमागून येत होता. आम्ही परत फिरलो, दुसरी वाट धरली, आणि दहा मिनिटांत खडकांच्या खोबणीतून पडणारा धबधबा समोर.

मामानं त्याच्याकडे धड बघितलंही नाही. "तुझी मामी म्हणते ते खरं आहे," तो म्हणाला. "डोकं गेलं माझं."

त्याचा तो पडलेला चेहरा बघून मला रागच आला. "उजवा हात दाखव बघू."

त्यानं डावा दाखवला. ब्रश धरायचा.

"हा उजवा कसा?"

"कसा म्हणजे? पहिलीत बाईंनी शिकवलंय. ज्या हातानं लिहितोस, तो उजवा."

मी मटकन खडकावर बसले. अख्ख्या वर्गात हा एकटा डावखुरा!

"अरे, मग इतक्या वर्षांत कुणाला कळलं कसं नाही?"

"गिऱ्हाईक बाण काढूनच देतं. ही एकच चिठ्ठी शब्दांत होती. आणि घरी तुझी मामी सगळं हातात आणून देते."

"मामा, म्हणजे तू बावीस वर्षांपूर्वीही चुकलाच होतास!" मी आनंदानं ओरडले. "धबधबा लपलेला कसला, तूच लपवलास!"

"यात नाचण्यासारखं काय आहे?" बिचारा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.

पाटीपाशी परत आल्यावर फोनला रेंज मिळाली. मी मामीला सगळं सांगितलं. आधी हुंदका ऐकू आला. मग तिचा नेहमीचा आवाज.

"त्याला म्हणावं, आधी तो बाण नीट कर. दुकानाची किल्ली कपाटात आहे, उजवीकडच्या..." ती थांबली. "नको. खिडकीकडच्या खणात आहे म्हणावं."