हाकेची बाजरी

काळेवाडीच्या पुलाजवळ जुन्या खाटा-कपाटांची दुकानं आहेत. परवा दवाखान्यातून परतताना रिक्षा तिथं अडकली आणि समोरच्या फुटपाथावर एक कारागीर जुन्या टेबलाला अळशीचं तेल चोळताना दिसला. गुडघे ठणकत होते, कधी एकदा घरी पोचून आडवा होतो असं झालं होतं. तरी तो वास नाकात शिरला आणि मी रिक्षावाल्याला म्हणालो, थांब जरा. तो माझ्याकडे बघतच राहिला. इथंच खाली, पवनेच्या काठी उकिडवा बसून मीही कधीकाळी हेच तेल एका होडीला चोळलं होतं. शिडाच्या होडीला. आणि ती होडी माझ्या मालकीची होती. पिंपरीत त्या काळी माणसं सायकलीची मालक होत, फार तर रेडिओची. होडीचा मालक मी एकटाच.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. औषधांचा कारखाना नवा होता, आम्हीही नवे होतो. मी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचा, बॉयलरवर फिटर. दर आठवड्याला शिफ्ट बदले आणि तिच्याबरोबर झोपेची वेळही. सव्विसाव्या वर्षी मला जो शीण होता तो आज सत्तरीतही नाही. झोपून उठलं तरी तो उठत नसे; डब्याबरोबर कामावर यायचा आणि डब्याबरोबर परत जायचा. त्या दिवसांत यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर मुदत संपवून मायदेशी निघाला. त्याची एक होडी होती. बारा फूट लांब, दोन माणसांपुरती, एकच डोलकाठी, मळकट शिडाला त्यानं स्वतःच्या हातानं घातलेली दोन ठिगळं. दर रविवारी तो नदीच्या डोहात ती फिरवी आणि आमची सगळी वसाहत त्याला हसे. मी मात्र हसत नसे. सायकलीसाठी साठवलेले पैसे नेऊन मी त्याच्या हातावर ठेवले. बायको कोकणातलीच. कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, समुद्र सोडून इथं आलो तो काय होडी घ्यायला?"

तिला काय सांगणार? मला कुठंही जायचं नव्हतं, हेच तर त्या होडीचं सुख होतं. दुपारी तीननंतर डोंगराकडून वारा सुटे. शीड भरलं की होडी अंग चोरल्यासारखी जरा कलंडायची आणि मग सुळकन निघायची. डोहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा मागं. पाठीमागं भोंगा नाही, मुकादम नाही, "अरे जरा इकडं ये" म्हणणारं कुणी नाही. आठवड्यातले ते दोन तास तेवढे माझे होते. ते मिळाले नसते तर मी नोकरी सोडून गावी पळालो असतो, हे मी आजही शपथेवर सांगेन.

चौथ्या की पाचव्या रविवारी पलीकडच्या काठावरून एका बाईनं हाक मारली. मेथीची पाटी घेऊन ती उभी होती. "ओ नाववालं, जरा पल्याड सोडा की! निर्वासितांच्या बाजारात जायचंय." मी कोकणातला माणूस, काठावरच्या माणसाला नाही म्हणायची आम्हाला सवय नाही. तिला बसवलं. ती डोलकाठीला मिठी मारून बसली आणि म्हणाली, "हे फडकं खाली घ्या बाबा, डोळ्याम्होरं येतंय." मी शीड उतरवलं, वल्ही मारली. पुढच्या रविवारी तिघी होत्या. पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा कामावर जाणारे गडीही उभे राहू लागले. पलीकडच्या वाडीला मी होडी फिरवायला काढतो हे कळतच नव्हतं. जी नाव ना या काठाला लागते ना त्या काठाला, ती पाण्यात घालायचीच कशाला? त्यांचा प्रश्न रास्त होता.

दिवाळीच्या आसपास खळी झाली आणि एक शेतकरी आमच्या दारात आला. त्यानं डोक्यावरचं पोतं उतरवलं, बायकोनं पुढं केलेल्या धोतरावर बाजरी ओतली, हात जोडले आणि गेला. त्याच्या मागून दुसरा, मग तिसरा. आम्ही भात खाणारी माणसं. तरी बायको हरखून गेली. परक्या मुलखात कुणी आपल्याला आपलं मानलं, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. शेजारणीकडून ती भाकरी थापायला शिकली.

पण बाजरी आली आणि हाकांचा सूर बदलला. आधी "जरा सोडा की" असे, आता "किती येळ झाला उभं हाय!" असं झालं. रविवारच काय, शिफ्टवरून परतताना, अंघोळीला बसताना, पहिला घास तोंडात घालताना. कुणीतरी काठावरून धावत येऊन सांगे, "चला, हाक आलीय." मी चिडू लागलो. वल्ह्यांनी हातांना घट्टे पडले. शीड घडी घालून माळ्यावर टाकलं, ते उघडायला वेळच मिळेना.

अशात एक दिवस एक म्हातारा दारात येऊन बसला. पलीकडच्या वाडीचा पिढीजात नावाडी. दोन वर्षांपूर्वी पुरात त्याची नाव गेली, तेव्हापासून घाटावर नाव नव्हती. चहा बशीत ओतून त्यानं सावकाश प्यायला, मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाजरी चांगली हाय न्हवं यंदा?"

मला काही कळेना. तेव्हा त्यानंच समजावून सांगितलं. ती बाजरी भेट नव्हती, नावाड्याचं बलुतं होतं. वाडीनं वर्षाची बाजरी द्यायची आणि ज्यानं ती घेतली त्यानं हाक आली की निघायचं, ऊन असो की पाऊस. नाव गेल्यावरही दोन वर्षं वाडी ती त्यालाच देत होती. यंदा ती आमच्या दारात आली. माझे कान लाल झाले. एका म्हाताऱ्याच्या तोंडचा घास आम्ही दोघं कौतुकानं लोणी लावून खात होतो.

पुढच्या रविवारी वाडीच्या पाच-सहा जणांना काठावर बोलावून, नारळ फोडून मी होडी म्हाताऱ्याच्या स्वाधीन केली. उरलेली बाजरीही पोत्यात भरून दिली. सगळ्यांनी मान डोलावली. "सायेबाचं काळीज मोठं हाय," एक जण म्हणाला. बायको तेवढी हळूच म्हणाली, "त्यांना हवीय का, हे विचारलंत?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर मला न्यायाचा पुळका आला नव्हता. हाकांपासून सुटका हवी होती, आणि ती चांगुलपणाच्या नावाखाली मिळत होती.

माणसं पांगल्यावर म्हातारा होडीत बसला. वल्ही हातात घेतली.

"सायेब, माजी नाव पुरानं न्हेली न्हाई," तो म्हणाला. "पानी चढत हुतं. म्याच दोर सोडला."

मी होडीचा काठ धरला.

"लई दमलो हुतो. चाळीस वर्सं हाका ऐकल्या. मंग नाव न्हाई, तरी बाजरी यायची. घास गळ्याखाली उतरत न्हवता. यंदा ती तुमच्याकडं गेली, तवा जीव हलका झाला. त्या दिशी तुमाला बघाया आलतो. म्हनलं, कोन देवमानूस हाय बघू."

"मग मघाशी नाही म्हणायचंत! अजूनही घेऊ नका. मी सांगतो त्यांना."

"आता समद्यांम्होरं दिलीया. नाव हाय म्हनल्यावर हाक येनारच."

आणि ती आलीच. पलीकडून कुणीतरी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होतं. म्हाताऱ्यानं काठाला वल्हं टेकवून होडी लोटली. शीड नसलेली ती डोलकाठी उगाचच डुलत गेली.

तो पुढं सहा-सात पावसाळे वल्हवत राहिला. पूल झाला तो पाहायला मात्र उरला नाही. आज त्या पुलावरून हजारो माणसं कुणाला हाक न मारता जातात. त्यात कुणाच्या तरी जिवाची सुटका आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मी बाहेरून आलेला, म्हणून मला माझं ओझं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होता आलं. त्याला ती सोय नव्हती. होडी परत मागावी असं अनेकदा मनात आलं, काठापर्यंत एकदा गेलोही होतो. मागितली नाही. रविवारी जेवून मी दुपारभर झोपत असे, आणि झोप चांगली लागत असे.