मान चाचपणारा भाचा

माझ्या बायकोच्या भाच्याएवढा सावध माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दिवा घेऊन हिंडलात तरी मिळायचा नाय. बायको गेली त्याच्या आदल्या दुपारी ती आणि हा आमच्या पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसली होती. ती सहज म्हणाली, जरा दम लागतोय रे. यानं हातातले वाल टाकले आणि तिची मान चाचपली. गाठ नाय म्हणाला, आणि दोघं परत सोलायला लागली. पहाटे ती हृदयानं गेली.

नऊ वर्षांचा असताना याला रक्ताचा कॅन्सर झाला होता, मानेला गाठ आली तेव्हा कळला. बरा झाला त्याला तीस वर्षं झाली, पण शिंक आली तरी याचा हात आधी मानेवर. पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखतो. डोळे असे, की बघणारा आपसूक चप्पल काढतो. पण गिऱ्हाईक पुढच्या सालाची मूर्ती सांगायला लागलं की हा उठून रंग कालवायला जातो. विसर्जनाला सगळा गाव पुढच्या वर्षी लवकर या म्हणून ओरडतो, हा तोंड मिटून उभा. मी एकदा झापलं, तर म्हणतो, "काका, तो येईल हो. दार उघडायला मी असेन, हे मी कसं सांगू?" कोलाडची एक मुलगी बघायला गेला, तर पोहे येईपर्यंत सगळं दुखणं सांगून मोकळा. तरी ती हो म्हणाली, तेव्हा हाच पळाला. लोक म्हणतात, वाचलास, नशीबवान हायेस. हा थकल्यागत हसतो.

मुंबईला वर्षाची तपासणी असते. डॉक्टर रक्त बघायचे, मनाचं इचारायची ती एकटी माझी बायको. दर साली ती बरोबर जायची. यंदा आदल्या दिवशी त्याचा फोन आला, जाणार नाय. "मावशीची मान बघितली मी. छातीला हात पण नाय लावला. मला काय कळतंय, काका?"

"गाढवा, ती सत्तरीची होती," मी म्हटलं. "तुझ्या हातानं नाय गेली." त्यानं फोन ठेवला. गोड बोलणं तिचं खातं होतं, माझं नाय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी पेण गाठलं. तो आंघोळ करून कपडे घालेपर्यंत त्याच्या खाटेवर बसून राहिलो, मग त्याला मुंबईच्या गाडीत घातला. पनवेलपर्यंत तो बोलतच होता, सगळं भीतीचं. ती काय उत्तरं द्यायची, मला ठाव नाय. तो थांबला की मी म्हणायचो, "मग?"