डावीकडची दोरी

आमच्या होडीचं पुढचं शीड उतरवायचं काम बायकोचं होतं. मी मागे सुकाणू धरून बसायचो आणि वारा वाढला की नुसतं "उतरव" म्हणायचो. ती पदर खोचून, वाकत वाकत नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पार पुढच्या टोकापर्यंत जायची आणि फडफडणारं शीड कवेत घेऊन खाली ओढायची. पावसच्या आंबेवाल्यांची मुलगी ती, लग्नाआधी समुद्र तिनं काठावरूनच पाहिलेला. मी जहाजाच्या इंजिनात उभं आयुष्य काढलेला. पण वारा फिरला की तिलाच आधी कळायचं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाली आणि तिचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, बसून काय ते करा, वाकणं-ओढणं बंद. दवाखान्यातून परतताना रिक्षा भाट्याच्या पुलावर आली. खाली खाडीत आमची होडी उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे आता होडी नाय?" मी म्हटलं, "आहे. तू बसून यायचंस." आणि तिथेच ठरवलं, रोलर फर्लिंग बसवायचं.

रोलर फर्लिंग म्हणजे पुढचं शीड उभ्या तारेभोवती गुंडाळायची सोय. खालच्या चकरीला एक दोरी असते. बसल्या जागेवरून ती ओढली की शीड गुंडाळून गप्प. पुढे जायला नको, वाकायला नको.

सामान परदेशी, त्यावर कस्टम, त्यावर मुंबईच्या दुकानदाराचा नफा. आमची जुनी होडी घेताना दिले त्याच्या निम्म्याहून जास्त पैसे झाले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! बिल मी कपाटात दडवलं, ते तिनं दुसऱ्याच दिवशी शोधलं.

"यवढ्यात माहेरच्या अख्ख्या बागेला कुंपण झालं असतं हो."

"कुंपणावर बसून समुद्रात जाता येत नाही," मी म्हटलं. ती खूप दिवसांनी मोकळी हसली.

तारेवर चढवायच्या नळ्यांचा खोका माणसापेक्षा लांब. कुरियरवाला घेईना, बसवाला टपावर ठेवीना. शेवटी मुंबईला आंबा उतरवून रिकामा परतणाऱ्या टेम्पोतून तो आला, अंगाला पेंढा लागलेला. होड्या दुरुस्त करणारा मिस्त्री आणि मी दिवसभर खपलो. संध्याकाळी कळलं, नळ्यांसोबत मागवलेली तार वीतभर आखूड.

माप मी घेतलं होतं. जुनी तार अंगणात पसरून टेप लावला आणि खालचा ताणायचा स्क्रू मोजायचा विसरलो. "डोलकाठी उभी असताना माप घ्या," असं ती तेव्हाच म्हणाली होती. मी म्हणालो होतो, "इंजिनवाल्याला माप शिकवू नकोस." आता ती मिस्त्रीला तेवढं म्हणाली, "चहा घेऊन जा."

नवी तार यायला महिना गेला. ती बसवली तर शीड चढवायची दोरीच वर तारेला वेटोळं घालून बसायची आणि चकरी अडकायची. ती दोरी बाजूला धरणारा एक मुठीएवढा तुकडा लागतो, तो मी मागवलाच नव्हता. तो मागवला, तोवर मे संपला. सगळ्यांबरोबर आमचीही होडी वर ओढली आणि प्लास्टिकनं झाकली. त्या अख्ख्या हंगामात बायको एकदाही पाण्यावर गेली नाही.

श्रावणात दोन दिवस उघडीप पडली. खाडी तेलासारखी शांत. ती गॅलरीत बसली होती. म्हणाली, "अहो, आज काढू या होडी. खाडीतल्या खाडीत एक फेरी. शीड नको, वल्ह्यानं."

आमच्याकडे नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कोणी होडी पाण्यात घालत नाही. मी मात्र जन्मभर याची चेष्टा केलेली. दर वर्षी ती हळदकुंकू लावून नारळ सोडायची आणि मी म्हणायचो, "समुद्राला नारळ काय कमी आहेत?" त्या दिवशी तोच मी म्हणालो, "नारळ पडल्याशिवाय नको गो."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कधीपासून पाळायला लागलात?"

मी पाळत नव्हतो. तो तुकडा येऊन आठवडाभर टेबलावर पडला होता आणि मी तो बसवला नव्हता. पुन्हा काही चुकलं तर तिच्यासमोर नाक कापलं जाईल, ही भीती. ती वल्ह्याची फेरी मागत होती आणि मला माझं यंत्र बिनचूक चाललेलं दाखवायचं होतं. म्हटलं, "पुनवेला जाऊ. रोलरसकट."

"बरं," ती म्हणाली.

पुनवेला नऊ दिवस राहिले असताना, सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्याशी खाली बसली. मी हाक मारत राहिलो. पुनवेला आम्हाला सुतक होतं. सगळ्यांचे नारळ गेले, आमचा गेला नाही.

दसऱ्यानंतर मिस्त्रीनं बळेच होडी पाण्यात घातली. तुकडा मी बसवला, अर्ध्या तासाचं काम होतं. खाडीच्या तोंडाशी वारा वाढला तेव्हा शीड गुंडाळायला गेलो आणि हात हवेतच राहिला. दोरी डाव्या बाजूला, तिच्या बसायच्या जागेशी आणलेली. नळ्या आल्या तेव्हा तिला अंगणात खुर्चीवर बसवून, तिचा हात किती पोचतो ते पाहून मी दोरीची लांबी ठरवली होती. सगळ्या कामात तेवढं एक माप बरोबर आलं.

सुकाणूपाशी बसून त्या दोरीला माझा हात पोचत नाही. सुकाणू सोडून उठावं लागतं, तिच्या जागेवर बसावं लागतं, मग ओढायची. शीड एका ओढीत गुंडाळतं, कुठे अडकत नाही.

मिस्त्री दर वेळी म्हणतो, "काका, दोन स्क्रू काढून इकडे घेतो, धा मिनटाचं काम." मी म्हणतो, पुनव होऊ दे. एक पुनव होऊन गेली. दोरी डावीकडेच आहे.