शेंगदाण्याचं शेपूट

जंतूच्या रंगाची रचना शोधली म्हणल्यावर तुम्हाला वाटलं असंल, पांढरा कोट, जाड चष्मा, तोंडात इंग्रजी. कोट होता. कोपराला फाटलेला, तो पण ताईचा.

ताई पीएचडी करायची, मी एमएस्सी, प्रयोगशाळा एकच. तेर गावच्या नदीकाठच्या मातीत तिला लाल रंग सोडणारे जंतू गावले होते. त्या रंगात कुठला अणू कुणाला चिकटलाय, हे सांगणारं मशीन पुण्यात. आमचा नंबर महिन्यातनं एकदा लागायचा, आणि ताईचा प्रबंध त्यावरच अडलेला.

जंतूंना खाऊ घालायला मी घरनं शेंगदाण्याचा कूट आणला. असले माजले, की थाळ्या लालभडक! पण काढलेल्या रंगावर तेलाचा तवंग. ताई थकलेली, दाराकडं पाठ. तिनं शेजारी तिच्या गाईडच्या खोलीकडं हाळी दिली, "सर, असंच पाठवू का अजून एकदा धुऊ?"

सर खोलीत नव्हतेच. मी दाराआडनं त्यांचा घोगरा आवाज काढला, "पाठवा हो, पाठवा! तुमचा जन्म धुण्यातच जायचा."

मला वाटलं, ताई वळून डस्टर मारंल. हसत चहाला गेलो. आलो तर कुपी एसटीच्या पार्सलात रवाना. मग मी गुपचूप थाळ्या घासायला बसलो.

पुण्याहनं मशीनचा आलेख आला. तेलाचे डोंगर, रंगाच्या खुणा त्याखाली गाडलेल्या. सर म्हणाले, "ही रचना शेंगदाण्याची आहे. पाठवायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की, सर."

सरांनी ताईकडं न्हाय, माझ्याकडं बघितलं. ते लई वाईट.

बरं झालं, मशीन नमुना खात न्हाय. कुपी परत आली. मी काचेच्या नळीत सिलिकाची बारीक पूड भरून दोन दिवस थेंब थेंब गाळत बसलो. आधी तेल उतरलं, मागनं लाल रंग. पुढच्या नंबराला आलेख लख्ख आला: तीन कड्या, प्रत्येकीत एक नायट्रोजन, आणि मागं शेपूट, तेलासारखं लांबलचक न्हाय, फक्त पाच कार्बनचं. ताईनं कागद छातीशी धरला, मग त्याचीच सुरळी करून माझ्या डोक्यात हाणली.

सर आलेख नीट यायचीच वाट बघत थांबले होते. "माझा आवाज काढतोस व्हय रे? मग धड तरी काढ! पंचवीस वर्षं शिकवतोय, 'न धुता पाठवा' असं मी जन्मात कधी म्हणलोय का, गाढवा?"